हिरवें, पण वांझ



झाडाचा हिरवेपणा पाहून आपण त्याच्या प्रकृतीचा अंदाज बांधतों. हा अंदाज किती फसवा ठरूं शकतो, हें इंग्लंडमधील ब्लॅककरंटच्या बागांच्या इतिहासावरून कळून येतें.

ब्लॅककरंट हें थंड प्रदेशांतील झुडूप. त्याला काळीं, आंबटगोड फळें घोसांनीं लागतात. हिवाळ्यांत त्याच्या फांद्यांवरील डोळे मिटलेले, टोकदार असतात. परंतु कांहीं डोळे फुगून वाटाण्यासारखे गोल होतात आणि वसंत ऋतूंत फुटण्याऐवजीं वाळून जातात. आंत जेमतेम पाव मिलिमीटर लांबीचे, चारच पायांचे कोळी हजारोंनीं दडलेले असतात. १८६९ सालीं वेस्टवुड या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानें या जातीचें नामकरण केलें. शत्रु सांपडला, फुगीर डोळे खुडून जाळावेत, हा उपायही सुचला.

पण खरी हानि त्या डोळ्यांबाहेर चालली होती. १९०४ सालीं हॉलंडमध्यें एका निराळ्या व्याधीची नोंद झाली. पानांचा आकार बदले, झुडूप जोमानें वाढे, मात्र फळ जवळजवळ धरीत नसे. झाड जणूं रानटी वळणावर परतलें, म्हणून या व्याधीला 'रिव्हर्शन', म्हणजे परतणें, असें नांव पडलें. ब्लॅककरंटची लागवड छाटकलमांनीं होते. तेव्हां असल्या सशक्त दिसणाऱ्या झुडपाची कांडी लावणारा माळी आपल्याच हातानें व्याधि नव्या बागेंत नेत असे.

१९२७ सालीं केंट परगण्यांतील ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रांत अ‍ॅमॉस, हॅटन व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, ही व्याधि एका झुडपावरून दुसऱ्यावर नेणारा तो कोळीच होय. पुढें दुसऱ्या महायुद्धांत संत्रीं दुर्मिळ झालीं आणि ब्रिटिश मुलांना 'क' जीवनसत्त्वासाठीं ब्लॅककरंटचें सरबत देण्यांत येऊं लागलें. तेव्हां या फळाचें मोल सर्वांस कळलें. व्याधीच्या मुळाशीं असलेला विषाणु मात्र १९९७ सालीं हातीं लागला.

ही गोष्ट परदेशची खरी. पण ज्यानें तुरीवरील 'वांझ' रोग पाहिला आहे, त्याला ती परकी वाटणार नाहीं. तेथेंही झाड हिरवें राहतें, झुडपासारखें पसरतें; फुलें-शेंगा मात्र येत नाहींत. त्याचाही वाहक असाच एक सूक्ष्म कोळी, जरी तो डोळे फुगवीत नाहीं. त्याचा विषाणु २००० सालीं हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेच्या आणि स्कॉटलंडच्या शास्त्रज्ञांनीं मिळून ओळखला.

म्हणून, रोगट झाड हिरवें दिसतें एवढ्यासाठीं तें राखूं नये, वेळींच उपटावें. झाडाची पारख पानांवरून नव्हे, फळांवरून करावी.