एकाग्रतेचे ऋण

फलंदाजाची एकाग्रता हा त्याचा एकट्याचा गुण मानण्याची आपणांस सवय आहे. शतक झळकले की आपण शतकवीराचे नाव घेतो. त्याचे चित्त स्थिर राहावे म्हणून आणखी कोण राबले, याची चौकशी सहसा करीत नाही. पुण्याच्या क्रिकेटचा इतिहास चाळताना मात्र ही सवय मोडावी, असे आम्हांला वाटते.

1892 च्या सुमारास पाळवणकर बाळू हा तरुण युरोपियनांच्या पूना क्लबात दरमहा 4 रुपयांवर नोकरीस लागला. मैदानाची निगा राखता राखता तो गोऱ्या सभासदांना सरावासाठी गोलंदाजी करू लागला. कॅप्टन जे. जी. ग्रेग हा त्यांतील अव्वल फलंदाज. तो इतरांच्या आधी तासभर येई आणि एकट्या बाळूची डावखुरी फिरकी खेळत राही. आपल्याला बाद केल्यास तो बाळूला 8 आणे देई, असे सांगतात. चेंडू हातातून सुटताना पाहावा, टप्प्याची वाट पाहावी, झालेला चेंडू विसरून पुढच्यासाठी मन कोरे करावे, ही साधना त्या जाळीत झाली. याच ग्रेगने 1901 साली हॅम्पशायरकडून लँकेशायरविरुद्ध नाबाद 249 धावा केल्या. पुढे उतारवयात तो कॅथलिक धर्मगुरू झाला, हे आपल्या वाचकांस ठाऊक नसेल.

बाळूला मात्र त्या क्लबात कधी फलंदाजी करू दिली गेली नाही. तो मान साहेबांचा! पुढे पुण्याच्या हिंदू खेळाडूंनी त्याला संघात घेतले. पण तो चर्मकार समाजातील, म्हणून त्याचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात येई. त्याने टाकलेला चेंडू चालत होता, पंगत चालत नव्हती. दुसऱ्याची एकाग्रता घडविणाऱ्याच्या वाट्याला हे आले. त्याच बाळूने 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले.

दुसरे उदाहरण विजय हजारे यांचे. सांगलीच्या मराठी ख्रिस्ती घराण्यातील या फलंदाजाने 1939-40 च्या हंगामात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध पुण्यातच नाबाद 316 धावा केल्या. रणजी करंडकातील ते पहिले त्रिशतक. त्यांच्या एकाग्रतेचे खरे मर्म उमगते ते 1943 साली मुंबईत झालेल्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम लढतीत. ‘इतर’ संघाच्या 387 धावांपैकी 309 एकट्या हजाऱ्यांच्या. पण त्या डावात त्यांचे बंधू विवेक यांच्यासह 300 धावांची भागीदारी झाली, आणि तीत विवेक यांचा वाटा होता अवघ्या 21 धावांचा! संघ डावाने हरला. तरी त्या 21 धावांना आम्ही लहान मानीत नाही. दुसरे टोक ढळले असते, तर ते त्रिशतक कुठून व्हायचे?

डिसेंबर 1948 मध्ये पुण्यातच भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध 494 मिनिटे खेळले. दुसऱ्या गड्यासाठी त्यांनी भांडारकरांसह 455 धावा जोडल्या. भांडारकरांनी त्या डावात 205 धावा केल्या. निंबाळकर नाबाद 443 वर पोहोचले. ब्रॅडमन यांचा 452 धावांचा विक्रम मोडण्यास 10 धावा हव्या होत्या. मध्यंतरात प्रतिस्पर्धी कर्णधाराने सामना सोडून दिला. आठ तास न ढळलेल्या चित्ताला पुढे खेळायला समोर संघच उरला नाही! निंबाळकरांना कसोटी सामनाही कधी लाभला नाही.

रविवारी क्लबाच्या सामन्यास निघणाऱ्या आपल्या मुलांना आम्ही एवढेच सांगू: प्रत्येक चेंडू नवा समजा, धावफलकाकडे पाहू नका. आणि जाळीत घाम गाळून तुम्हांला गोलंदाजी टाकणाऱ्यालाही कधी बॅट द्या, चहाला आपल्या शेजारी बसवा. तुमच्या एकाग्रतेवर त्याचे ऋण आहे.