चुनखडी आणि छायाचित्र

येरमाळ्यास चैत्री पौर्णिमेच्या यात्रेंत येडेश्वरीचे भाविक चुनखडीचे खडे वेचतात. परंतु खडा म्हणजे चुना नव्हे. भट्टींत भाजून पाण्यानें विझविल्यावांचून तो भिंतीस लागत नाहीं. या यात्रेचें छायाचित्र घेणाऱ्याच्या हातींही प्रथम खडाच येतो.

टॅल्बटनें १८४१ सालीं पेटंट घेतलेल्या रीतींत आधीं निगेटिव्ह, मग तिच्यावरून चित्र. १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हां हाच क्रम रूढ होता. डिजिटल कॅमेऱ्यानें निगेटिव्ह नाहींशी केली असें वाटतें. वस्तुतः ती 'रॉ' फाइल होऊन राहिली. ब्राइस बेयर यांच्या १९७६ च्या पेटंटाप्रमाणें प्रत्येक बिंदु तांबडा, हिरवा वा निळा यांपैकीं एकच रंग टिपतो. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून काढावे लागतात. हेंच रूपांतर. कुंकवाचा तांबडेपणा किती, हें तेथेंच ठरतें.

तें कॅमेऱ्यावर सोंपवून केवळ जेपेग ठेवणारा निगेटिव्हच टाकून देतो. शिवाय बहुतेक कंपन्यांची रॉ-लिपि निराळी. ती पुढें वाचणार कोण? १९९७ सालीं डेव्ह कॉफिन यांनीं 'डीसीरॉ' लिहावयास घेतलें. २००४ सालीं अडोबीनें 'डीएनजी' हा खुला सांचा दिला. त्यामुळें ही भीति पुष्कळ ओसरली.

चित्र अवश्य घडवावें, पण मूळ खडा जपावा; नातवंडांस त्यांतून अधिक उजळ चुना काढतां येईल.