एक ताम्रपट, अनेक अर्थ

भांडुप येथे सापडलेला शिलाहार राजा छित्तराज याचा ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे इ. स. १०२६ चा आहे. आपल्या उत्तर कोकणातील एक शेत एका ब्राह्मणास दान दिल्याची त्यात नोंद आहे. अशा ताम्रपटांत दात्याची वंशावळ असते, दान घेणाऱ्याचे गोत्र असते, शेताच्या चतुःसीमा असतात. शेत कसणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच आढळते. त्या कसणाऱ्याची स्थिती काय होती, या प्रश्नावर इतिहासकारांनी मोठा वाद घातला आहे.

प्रथम जेम्स मिल. भारतात कधीही पाऊल न ठेवता त्याने १८१७ साली भारताचा इतिहास प्रसिद्ध केला आणि हिंदू, मुसलमान व ब्रिटिश असे कालखंड रूढ केले. राजाच्या धर्मावरून प्रजेचा काळ ठरविणारी ही विभागणी आम्ही शाळेत निमूटपणे पाठ केली. परंतु वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली. त्या चौकटीत आपल्या गावांना जागाच नव्हती.

गोव्यात जन्मलेले गणिती दामोदर कोसंबी यांनी १९५६ साली राजांऐवजी नांगर, जमीन व उत्पादनसंबंध यांवरून कालखंड पाहावयास शिकविले. रामशरण शर्मा यांनी १९६५ साली ताम्रपटांच्याच आधारे मांडले की भूमिदानांमुळे मध्यस्थ वर्ग बळावला, नगरे व व्यापार क्षीण झाले, नाणी दुर्मीळ झाली आणि शेतकरी जखडला गेला. हीच भारतीय सरंजामशाही.

१९७९ साली हरबन्स मुखिया यांनी उलट प्रश्न केला : भारतात सरंजामशाही होती तरी का? युरोपातील भूदासाच्या श्रमावर जमीनदाराची सत्ता होती. येथील शेतकरी स्वतःच्या अवजारांनी व कुटुंबाच्या श्रमाने शेती करी आणि उत्पन्नाचा वाटा देई. पिळवणूक होती, पण तिची रीत निराळी होती. पुढे जॉन डेयेल यांनी १९९० साली नाण्यांच्या दुर्भिक्ष्याचे मत खोडून काढले, तर ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांनी त्या काळात ऱ्हासाऐवजी नव्या प्रादेशिक राज्यांची घडण पाहिली.

मग खरे कोण? वाचकहो, ताम्रपट तोच राहतो, त्याला विचारलेले प्रश्न बदलतात. म्हणून इतिहास म्हणजे केवळ मतांचा बाजार, असे मात्र नव्हे. शर्मांचे नाण्यांविषयीचे मत डळमळले ते कोणाच्या रागालोभामुळे नव्हे, तर नाणी मोजल्यामुळे.

आज पूर्वजांच्या नावाने भांडणे उकरली जात असता आपण हा धडा घ्यावा. आपल्या घरांतील जुने सातबारे, खरेदीखते, वाडीवाडीची व शेताशेताची नावे जपून ठेवावीत. ताम्रपटाने ज्याचे नाव लिहिले नाही, त्या कसणाऱ्याचा माग कदाचित तेथेच लागेल. आणि तो बहुधा आपलाच पूर्वज असेल.