कोशातली झोप आणि ऐनाचं पान

इतिहास म्हटला की किल्ले, लढाया, तह. या वीकेंडला मात्र एका किड्याचा इतिहास.

गोंदिया जिल्हा तसा नवा, १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला. तिथल्या जंगलात वाघ दिसला की धडाधड फोटो निघतात, ऐनाच्या पानावरच्या जाडजूड हिरव्या अळीकडे कोण बघतो? तीच टसरची अळी. झाडीपट्टीतले ढिवर लोक तलावात मासे धरतात आणि ऐन-अर्जुनावर हा किडाही पाळतात. त्याच्या धाग्याची विदर्भातल्या कोष्ट्यांच्या मागावर करवतकाठी साडी होते.

तुती खाणारा रेशमाचा किडा घरात वाढतो, टसर उघड्या झाडावर. म्हणजे डेडलाईन पावसाची. उन्हाळ्यात ऐनाची पानं झडतात, तेव्हा किडा साधारण जानेवारी ते जून कोशात चक्क झोपून राहतो. पाऊस आला, पालवी तयार झाली की पतंग बाहेर. त्यांना खाणंपिणं नाहीच; अंडी घालायची आणि संपायचं. आठ-दहा दिवसांत अळ्या, चारदा कात टाकून महिना-दीड महिन्यात कोश. मग दुसरं पीक, कुठे तिसरंही. गंमत अशी, की पावसाळ्यात जंगलात सगळेच किडे वाढतात आणि त्यांना खाणारेही. मुंग्या, गांधीलमाश्या, पक्षी... म्हणून अळ्या झाडावर असेपर्यंत राखण करावीच लागते.

हे ज्ञान कुणी कागदावर लिहून ठेवलं नव्हतं. विल्यम रॉक्सबर्गने बंगालच्या टसर किड्यावर लिहिलं ते १८०४ मध्ये. पुढे इंग्लंडच्या थॉमस वार्डलने टसर रंगवायची पद्धत बसवली आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात ते कापड मांडलं. आणि नेमक्या त्याच वर्षी इथे भारतीय वन कायदा आला! राखीव जंगलात झाडाला हात लावायचा तर सरकारची परवानगी. वनखात्याच्या हिशेबी ऐन म्हणजे इमारती लाकूड, ढिवराच्या हिशेबी पान.

१९६४ मध्ये रांचीला टसरची संशोधन संस्था निघाली, २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. पण मूळ प्रश्न तोच. किडा सहा महिने थांबू शकतो. तो जागा होईल तेव्हा समोर ऐन उभा हवा, आणि त्या झाडाखाली राखणीला बसायचा हक्कही.

असो. कपाटात टसरची साडी असेल तर एकदा हात फिरवून बघा. त्यात एक पावसाळा आहे.