चार गृहमंत्री आपले झाले, पण तपास कुणाचा?

मिरजकर तिकटीला उभं राहून चार जणांना विचारा, "गृहमंत्री कोण?" दोघं मुंबईतलं नाव सांगतील, दोघं दिल्लीतलं. चौघांचंही बरोबर आहे. आपल्याकडं गृहखाती दोन आहेत आणि स्वातंत्र्यापासून दोघांच्यात एकच ओढाताण चालू आहे: देशाच्या आतली सुरक्षा नक्की कुणाची जबाबदारी?

घटनेनं उत्तर सरळ दिलंय. सातव्या अनुसूचीतली राज्यसूची काढून बघा. पहिला विषय सार्वजनिक सुव्यवस्था, दुसरा पोलीस. म्हणजे आपल्या जुना राजवाडा ठाण्यातला हवालदार मुंबईच्या हुकमातला, दिल्लीच्या नाही. असं असूनही आज दिल्लीची राष्ट्रीय तपास यंत्रणा, म्हणजे एनआयए, राज्याला न विचारता एखादा तपास स्वतःकडं घेऊ शकते. इथपर्यंत आपण कसे आलो आणि त्यात आपल्या कोल्हापूरचं काय अडकलंय, ते लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

कोल्हापूरला हा विषय नवा नाही. १ मार्च १९४९ पर्यंत इथलं पोलीस खातं संस्थानचं होतं. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि शहरात जाळपोळ उसळली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ त्यातच जळाला. संस्थानच्या यंत्रणेला ती आग आवरली नाही. पुढं भारत सरकारनं इथं आपला प्रशासक बसवला आणि वर्षभरात संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. विलीनीकरणाला बाकीही कारणं होती. पण घरची यंत्रणा कोलमडली की वरचा हात आत येतो, हे आपल्या आजोबांनी डोळ्यांनी बघितलं.

आता केंद्रीय राखीव पोलीस दल, सीआरपीएफ, बघा. त्याचा जन्म १९३९ साली नीमचला झाला. तेव्हाचं नाव होतं क्राउन रिप्रेझेंटेटिव्हज पोलीस. संस्थानांमध्ये प्रजेच्या चळवळी वाढत होत्या, संस्थानिकांचे शिपाई कमी पडत होते, म्हणून इंग्रजांनी हे दल काढलं. डिसेंबर १९४९ मध्ये कायदा करून स्वतंत्र भारतानं तेच दल नवं नाव देऊन ठेवून घेतलं. साहेब गेला, दल राहिलं.

त्यानंतर दिल्लीच्या गृहखात्यात चार मराठी माणसं बसली आणि या खात्याच्या इतिहासातले मोठे टप्पे बऱ्याच अंशी त्यांच्याच काळात येतात.

पहिले यशवंतराव चव्हाण. आपल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, इथूनच १९३८ साली बी.ए. झाले. नोव्हेंबर १९६६ मध्ये गोवधबंदीच्या मागणीसाठी संसदेवर मोर्चा आला, हिंसाचार झाला, गुलझारीलाल नंदांना गृहमंत्रीपद सोडावं लागलं आणि संरक्षण खात्यातून यशवंतराव तिथं आले. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, म्हणजे आज विमानतळावर आपली बॅग तपासणारं सीआयएसएफ, त्यांच्याच काळातलं. रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कारखान्याला आग लागली होती, त्याच्या चौकशीतून ही कल्पना पुढं आली. कायदा १९६८ चा, दल उभं राहिलं १० मार्च १९६९ ला.

पण तेव्हा राज्यं काय म्हणत होती? सप्टेंबर १९६८ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संप झाला. केरळात नंबुद्रीपाद यांचं कम्युनिस्ट सरकार होतं आणि संपकऱ्यांवर कारवाई करायला ते तयार नव्हतं. दिल्लीनं तिथं सीआरपीएफ पाठवलं. राज्याला विचारलंच नाही, ही नंबुद्रीपाद यांची तक्रार. केंद्राची कार्यालयं सांभाळणं हा केंद्राचा हक्क, ही दिल्लीची बाजू. या भांडणाचा निकाल चर्चेनं लागला नाही. तो १९७६ साली, आणीबाणीत, ४२ व्या घटनादुरुस्तीनं लागला. संघसूचीत '२-क' अशी नवी नोंद घातली गेली आणि राज्यात केंद्राचं सशस्त्र दल तैनात करण्याचा अधिकार दिल्लीच्या नावावर लिहिला गेला. तेव्हा विरोधी पक्षांचे बरेचसे नेते तुरुंगात होते.

यशवंतरावांच्या बाबतीत अजून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जून १९७० मध्ये इंदिराबाईंनी त्यांना अर्थखात्यात पाठवलं आणि गृहखातं स्वतःकडं घेतलं. त्याच वर्षी सीबीआय गृहखात्यातून काढून पंतप्रधानांच्या हाताखाली नेली. म्हणजे सुरक्षेचं खातं केवढं असावं, हे ठरवताना देशाच्या गरजेबरोबर खुर्चीवर कोण बसलंय हेही बघितलं जातं. हा हिशोब तेव्हापासूनचा आहे.

दुसरे शंकरराव चव्हाण, नांदेडचे. १२ मार्च १९९३ चे मुंबईचे बॉम्बस्फोट त्यांच्या काळातले. २५७ माणसं गेली. त्यानंतर गृहसचिव व्होरा यांची समिती नेमली. गुन्हेगार, राजकारणी आणि सरकारी अधिकारी यांचं साटंलोटं किती खोल गेलंय, हे त्या समितीनं सांगितलं आणि सगळ्या खात्यांची माहिती एका जागी आणणारी व्यवस्था गृहखात्यात हवी असं सुचवलं. अहवाल आला ऑक्टोबर १९९३ मध्ये. संसदेपुढं ठेवला ऑगस्ट १९९५ मध्ये. तोही पूर्ण नाही, बाकीची पुरवणी बाहेर आलीच नाही.

तिसरे लातूरचे शिवराज पाटील. त्यांच्याच काळात २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आली.

जरा अमेरिकेत जाऊन येऊ, कारण २६/११ नंतर आपल्याकडं तिचंच उदाहरण सगळ्यांच्या तोंडी होतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेनं होमलँड सिक्युरिटी नावाचं नवं खातं काढलं. नोव्हेंबर २००२ मध्ये कायदा झाला आणि मार्च २००३ मध्ये २२ वेगवेगळ्या संस्था एका छपराखाली आल्या. आपल्याला नवं खातं काढायची गरज नव्हती, गृहमंत्रालय होतंच. आपल्याकडं नव्हती ती देशभर फिरू शकणारी दहशतवादविरोधी तपासाची एक संस्था.

३० नोव्हेंबरला शिवराज पाटलांनी राजीनामा दिला. मागोमाग आपल्या शेजारच्या तासगावचे आर. आर. आबा राज्याच्या गृहखात्यातून गेले, विलासरावही गेले. दिल्लीत चिदंबरम आले. १६ डिसेंबरला एनआयएचं विधेयक लोकसभेत मांडलं, १७ ला तिथं मंजूर, १८ ला राज्यसभेत मंजूर, ३१ डिसेंबरला कायदा. हल्ल्यापासून पाच आठवड्यांत! वर्षानुवर्षं जे राज्यांच्या विरोधात अडलं होतं ते तीन दिवसांत झालं. शोकाच्या दिवसांत कोण विरोध करणार?

आता यातली गंमत बघा, गंमत म्हणवत नाही पण तरी. ज्या हल्ल्यामुळं एनआयए जन्माला आली, त्या हल्ल्याचा खटला एनआयएनं लढवला नाही. कसाबला जिवंत धरणारे तुकाराम ओंबळे मुंबई पोलिसांतले सहायक उपनिरीक्षक, जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. हातात काठी होती. तपास केला मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेनं. मे २०१० मध्ये शिक्षा झाली, वरच्या कोर्टांत टिकली आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. एनआयएनं बघितला तो परदेशातला धागा, हेडली आणि राणाचा. तेही लागतंच. मुंबईच्या पोलिसाला शिकागोत जाऊन तपास करणं सोपं नाही. म्हणून राष्ट्रीय संस्था नकोच, असं मी म्हणत नाही. कोणतं काम कुणाचं, हे त्या खटल्यानं नीट दाखवलं, एवढंच.

चौथे सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे. कोर्टात पट्टेवाला, मग पोलिसांत फौजदार, आणि शेवटी देशाचा गृहमंत्री. त्यांच्या पुढ्यात आलं एनसीटीसीचं भिजत घोंगडं. राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र, आणि तेही गुप्तवार्ता विभागाच्या पोटात, अटक आणि झडतीच्या अधिकारासह. फेब्रुवारी २०१२ चा आदेश चिदंबरम यांचा. त्याला नवीन पटनाईक, ममता बॅनर्जी, जयललिता आणि गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी कडाडून विरोध केला. पोलीस हा राज्याचा विषय, केंद्र घुसखोरी करतंय, हा सगळ्यांचा मुद्दा. शिंद्यांनी २०१३ मध्ये सौम्य मसुदा आणला, तोही राज्यांनी नाकारला. ते केंद्र झालंच नाही.

पुढं दिल्लीतलं सरकार बदललं. २०१९ मध्ये एनआयएचा कायदा दुरुस्त करून तिच्या यादीत मानवी तस्करी, बंदी असलेली शस्त्रं, सायबर दहशतवाद असे गुन्हे वाढवले. राज्यात असताना घुसखोरी वाटते आणि दिल्लीत गेल्यावर गरज वाटते. हे दोन्ही बाजूंनी झालंय. २००८ चा कायदा काँग्रेसनं केला होता, हे त्यांच्या आजच्या समर्थकांनी विसरू नये.

आता आपल्या महाराष्ट्रात ही गोष्ट कशी घडली ते बघू. एल्गार परिषद आणि भीमा कोरेगावचा तपास पुणे पोलीस करत होते. २०१९ अखेर राज्यात सत्तांतर झालं. जानेवारी २०२० मध्ये नव्या सरकारनं त्या तपासाचा आढावा घेतला, विशेष पथक नेमायची भाषा सुरू झाली. लगेचच, २४ जानेवारीला, केंद्रानं तो तपास एनआयएकडं दिला. आम्हाला विचारलं नाही, असं तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले. कायद्यानं विचारायची गरजच नव्हती. कलम ६ मध्ये केंद्राला स्वतःहून तपास घ्यायचा अधिकार आहे. गुन्ह्याचं गांभीर्य "आणि इतर संबंधित बाबी" बघून. या इतर बाबी कोणत्या, ते कायदा सांगत नाही. पुढं राज्यानं हरकत नसल्याचं कळवलं, तेव्हा शरद पवारांनी आपल्याच सरकारवर जाहीर नाराजी इथं कोल्हापुरात बोलून दाखवली होती.

आणि याच कोल्हापुरात दुसरी बाजू दिसते.

१६ फेब्रुवारी २०१५. सकाळी फिरून परतणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमाताईंवर गोळ्या झाडल्या. २० तारखेला पानसरे गेले. त्याआधी, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. दाभोलकर. नंतर ३० ऑगस्ट २०१५ ला धारवाडमध्ये प्रा. कलबुर्गी. मग ५ सप्टेंबर २०१७ ला बंगळुरूत गौरी लंकेश. चार खून, दोन राज्यं, पद्धत सारखी. मग तपास? दाभोलकरांचा आधी पुणे पोलीस, मग उच्च न्यायालयानं सीबीआयकडं दिला. पानसऱ्यांचा विशेष पथकाकडं, ऑगस्ट २०२२ पासून राज्याच्या एटीएसकडं. कलबुर्गींचा कर्नाटकच्या सीआयडीकडं, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितल्यावर लंकेश प्रकरणाच्या पथकाकडं.

राज्याच्या हद्दी ओलांडणारा कट ही तर राष्ट्रीय संस्थेची पहिली गरज. २००८ च्या डिसेंबरात संसदेत हाच मुद्दा मांडला गेला होता. पण एनआयएच्या यादीत नुसता खून बसत नाही. बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्यासारखी कलमं लागली तरच दार उघडतं. ती लावायची की नाही, हे ठरवणार तपास करणारे आणि त्यांच्यावरचं सरकार. १० मे २०२४ ला दाभोलकर खटल्याचा निकाल लागला. दोघांना जन्मठेप, तिघं निर्दोष. सूत्रधारापर्यंत तपास पोचला नाही, हे न्यायालयानं सुनावलं. पानसऱ्यांच्या खुनाला दहा वर्षं उलटली तेव्हा खटला चालूच होता.

केंद्रानं तपास घेतला म्हणजे न्याय मिळतोच, असंही नाही. मालेगावचा २९ सप्टेंबर २००८ चा स्फोट बघा. सहा माणसं गेली. आधी एटीएसचा तपास, २०११ पासून एनआयएचा. दोघांची आरोपपत्रं एकमेकांशी जुळेनात. ३१ जुलै २०२५ ला सातही आरोपी निर्दोष सुटले. सतरा वर्षांनी त्या सहा घरांना काय सांगायचं? स्फोट कुणी केला, हे ना मुंबईनं सिद्ध केलं ना दिल्लीनं.

म्हणून मला वाटतं, मुंबई की दिल्ली हे भांडण अर्धवट आहे. खातं वर असो की खाली, तपास कधी घेतला आणि कधी सोडला याचं उत्तर त्यानं कुणाला द्यायचं, हा खरा प्रश्न आहे. आज ते कुणालाच द्यावं लागत नाही. एक खटला नको म्हणत असताना उचलला जातो, दुसऱ्याच्या तपासासाठी घरच्यांना वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

मागण्या साध्या आहेत. केंद्रानं तपास घेतला किंवा नाकारला, तर कारणं लेखी द्यावीत आणि न्यायालयापुढं ठेवावीत. दोन राज्यांत सारख्या पद्धतीचे गुन्हे दिसले तर संयुक्त पथक पहिल्या महिन्यात व्हावं, चौथ्या खुनानंतर नको. एनआयए आणि एटीएस, दोघांनी वर्षाचा हिशोब संसदेत आणि विधानसभेत द्यावा: किती तपास घेतले, किती खटले टिकले, किती जण किती वर्षं निकालाविना आत आहेत. आणि हो, ठाण्यातला पोलीस. ओंबळे यांच्या हातात काठी होती, हे आपण अभिमानानं सांगतो. त्यांच्या हातात काठीच का होती, हेही विचारायला पाहिजे.

खासदार-आमदार मतं मागायला पेठेत येतात तेव्हा आपण रस्ता, गटार, पाणी विचारतो, ते विचारलंच पाहिजे. पुढच्या वेळी त्यात एक प्रश्न वाढवा. पानसऱ्यांच्या खटल्याचं काय झालं आणि त्यासाठी सभागृहात तुम्ही किती वेळा उभं राहिलात?