फिनलंडचे औद्योगिकीकरण

मोबाइल फोनमुळे भारतात घरोघरी पोहोचलेले ‘नोकिया’ हे नाव मुळात फिनलंडमधील एका गावाचे. फ्रेडरिक इडेस्टाम या खाण अभियंत्याने १८६५ मध्ये टॅम्पेरे येथे लाकडाचा लगदा करणारी गिरणी काढली. चिंध्यांऐवजी लाकडापासून कागद करण्याचे तंत्र त्याने जर्मनीत पाहिले होते. दुसरी गिरणी नोकिया येथे उभी राहिली आणि १८७१ मध्ये कंपनीला तेच नाव मिळाले.

फिनलंडची संपत्ती म्हणजे जंगल. शिडाच्या जहाजांच्या काळात पाइन वृक्षांपासून काढलेले डांबर हीच त्याची प्रमुख निर्यात होती. ब्रिटिश आरमार या डांबराचे मोठे गिऱ्हाईक. गंमत अशी की, क्रिमियन युद्धात १८५४ मध्ये औलू बंदरातील डांबराचे साठे जाळले ते याच आरमाराने.

स्वीडनच्या ताब्यातील हा प्रदेश १८०९ मध्ये रशियाकडे गेला, मात्र त्याची स्वायत्तता टिकली. जेम्स फिनलेसन या स्कॉटिश यंत्रकाराने १८२० मध्ये टॅम्पेरेच्या धबधब्याकाठी कारखाना काढला. दोन सरोवरांमधील सुमारे १८ मीटरच्या उतारामुळे तेथे जलशक्ती विपुल होती, शिवाय झारने जकातीत सवलती दिल्या. नव्या मालकांच्या हाती ही कापडगिरणी भरभराटीस आली. बहुसंख्य कामगार स्त्रिया व मुले होती. याच गिरणीत १८८२ मध्ये विजेचे दिवे लागले.

तरीही खरी गती आली ती १८५० नंतर. जंगले संपतील या भीतीने वाफेवरील लाकूड गिरण्यांना असलेली बंदी १८५७ मध्ये उठली. सायमा कालव्याने (१८५६) आतील सरोवरे समुद्राशी जोडली, १८६० मध्ये मार्क हे स्वतंत्र चलन आले आणि १८६२ मध्ये हेलसिंकी-हॅमेनलिना रेल्वे धावू लागली.

याच दशकात देशावर भीषण दुष्काळ कोसळला. तो अवर्षणाचा नव्हे, थंडीचा होता. १८६७ चा वसंत इतका लांबला की पेरण्या खोळंबल्या आणि सप्टेंबरच्या हिमाने उभे पीक करपले. १८६८ या एका वर्षात सुमारे १ लाख ३७ हजार माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास ८ टक्के, मृत्युमुखी पडली. उपासमारीपेक्षाही टायफससारख्या साथींनी अधिक बळी घेतले. मार्क १८६५ मध्ये चांदीशी जोडला गेला होता. चलनाची पत जपण्याच्या नादात अर्थखात्याचे प्रमुख स्नेलमान यांनी धान्यासाठी कर्ज काढण्यास उशीर केला, अशी टीका त्यांच्यावर होत आली आहे. ती अगदीच अनाठायी नाही. सेंट पीटर्सबर्गपर्यंतचा लोहमार्ग दुष्काळी काम म्हणून भुकेल्या मजुरांकडून बांधून घेण्यात आला. त्यात अनेकांनी प्राण गमावले. १८७० मध्ये हा मार्ग पूर्ण झाला आणि पुढे फिनिश मालाला रशियाची बाजारपेठ याच मार्गाने खुली झाली.

जंगलांचा मोठा हिस्सा शेतकऱ्यांच्या मालकीचा असल्याने लाकडाचा पैसा खेड्यांतही पोहोचला. हिवाळ्यात वृक्षतोडीची मजुरीही मिळू लागली. भूमिहीन व कुळे मात्र या लाभापासून बव्हंशी दूरच राहिली. कसत असलेली जमीन विकत घेण्याचा हक्क कुळांना मिळाला तो १९१८ मध्ये, रक्तरंजित यादवी युद्धानंतर.