हायलंड सोसायटी ऑफ लंडन : सांस्कृतिक अभिमान आणि विस्थापनाचे वास्तव (१७७८ ते १८२२)

प्रस्तावना

मायभूमीपासून दूर गेलेला समाज आपली भाषा, पोशाख, संगीत आणि सणवार यांच्या आधारे एकत्र येतो. स्कॉटलंडबाहेरील स्कॉटिश मंडळांची परंपरा या दृष्टीने फार जुनी आहे. अमेरिकेतील बोस्टन येथे ‘स्कॉट्स चॅरिटेबल सोसायटी’ १६५७ साली, तर चार्ल्सटन येथे ‘सेंट अँड्र्यूज सोसायटी’ १७२९ साली स्थापन झाली. अडचणीतील लोकांना साहाय्य करणे हा या जुन्या मंडळांचा प्रमुख हेतू होता. १७७८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या हायलंड सोसायटीने साहाय्याच्या जोडीला संस्कृतिसंवर्धनाचे कार्य हाती घेतले. या संस्थेने परंपरा जतन केली की घडविली, आणि ज्यांची ती परंपरा होती त्या लोकांच्या वाट्याला त्याच काळात काय आले, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्थापनेची पार्श्वभूमी

स्कॉटलंडच्या उत्तर व पश्चिम भागातील डोंगराळ प्रदेश म्हणजे हायलंड. तेथील गेलिकभाषक समाज कुळांमध्ये विभागलेला होता. पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने १७४५ मध्ये झालेल्या उठावात अनेक कुळे सामील झाली आणि १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडन येथे त्यांचा निर्णायक पराभव झाला. त्यानंतर कुळप्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार काढून घेण्यात आले. पोशाखविषयक कायद्याने पुरुषांना किल्ट व टार्टन, म्हणजे चौकडीचे लोकरी कापड, वापरण्यास बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने कैद आणि दुसऱ्या गुन्ह्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी अशी शिक्षा होती. ब्रिटिश सैन्यातील शिपायांना मात्र या बंदीतून वगळले होते. जो पोशाख गावात गुन्हा ठरे, तोच पलटणीत गणवेश ठरत असे.

ही विसंगती संस्थेचे पहिले अध्यक्ष जनरल सायमन फ्रेजर यांच्या जीवनात स्पष्ट दिसते. त्यांचे वडील लॉर्ड लोव्हॅट यांना राजद्रोहाबद्दल १७४७ मध्ये देहान्त शासन झाले. स्वतः फ्रेजरही उठावात सामील होते. पुढे माफी मिळाल्यावर त्यांनी १७५७ मध्ये ब्रिटिश सरकारसाठी हायलंडर पलटण उभी केली आणि ती क्यूबेकच्या मोहिमेत लढली. बंडखोर ते राजनिष्ठ सेनानी असा प्रवास केलेल्या वर्गाने ही संस्था स्थापन केली, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

संस्थेचे कार्य

संस्थेच्या प्रयत्नांचे पहिले मोठे यश म्हणजे पोशाखबंदीचे उच्चाटन. संस्थेचे सदस्य मार्क्विस ऑफ ग्रॅहम यांनी संसदेत पुढाकार घेतला व १७८२ मध्ये हा कायदा रद्द झाला. त्याच वर्षी, कायदा रद्द होण्यापूर्वी काही महिने, फ्रेजर यांचे निधन झाले होते. १७८१ पासून फॉल्कर्क येथील जनावरांच्या बाजाराच्या वेळी संस्थेच्या वतीने बॅगपाइपवादनाच्या स्पर्धा सुरू झाल्या. नंतर त्या एडिंबरा येथे होऊ लागल्या. कुळप्रमुखांचा आश्रय गमावलेल्या वादकांना त्यामुळे नवे व्यासपीठ मिळाले. त्याच वेळी घराघरांत आणि रणांगणावर वाढलेली कला परीक्षकांसमोरील स्पर्धेच्या चौकटीत आली.

संस्थेच्या प्रेरणेतून १७८६ मध्ये ब्रिटिश फिशरीज सोसायटी निर्माण झाली. मासेमारीतून रोजगार मिळावा आणि लोकांचे परदेशगमन थांबावे या हेतूने तिने उलापूल व टोबरमोरी ही गावे वसविली. १८१५ मध्ये स्कॉटिश सैनिकांच्या आणि लंडनमधील गरीब स्कॉट लोकांच्या मुलांसाठी ‘कॅलेडोनियन असायलम’ स्थापन झाले. लंडनमधील कॅलेडोनियन रोड या रस्त्याचे नाव त्यावरूनच पडले आहे.

टार्टनचे संकलन

१८१५ मध्ये कर्नल डेव्हिड स्ट्यूअर्ट ऑफ गार्थ यांच्या सूचनेवरून संस्थेने प्रत्येक कुळप्रमुखाकडून त्याच्या कुळाच्या टार्टनचा नमुना मोहोर व स्वाक्षरीसह मागविला. या मागणीने अनेक कुळप्रमुख अडचणीत आले, कारण आपल्या कुळाचे टार्टन नेमके कोणते हे त्यांनाच ठाऊक नव्हते. बॅनकबर्न येथील विल्सन यांच्या कापड कारखान्यात अनेक नमुने केवळ क्रमांकाने ओळखले जात. विणकराची आवड, स्थानिक रंग आणि परिसराची रीत यांवर अवलंबून असणारे कापड आता कुळाचे प्रमाणित चिन्ह झाले. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरा येथे आला, तेव्हा वॉल्टर स्कॉट यांच्या योजनेनुसार तो स्वतः टार्टन परिधान करून वावरला. बंदी घालणाऱ्या राजघराण्यानेच अशा रीतीने या पोशाखाला मान्यता दिली.

ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ही संपूर्ण परंपरा आधुनिक काळात रचलेली असल्याचे प्रतिपादन केले. हे मत पूर्णतः स्वीकारता येत नाही. टार्टनचा वापर प्राचीन होता. नवे होते ते एका कुळास एक नमुना हे समीकरण.

अभिमान आणि विस्थापन

मराठीत ‘कूळ’ या एकाच शब्दाने वंश आणि खंडाने जमीन कसणारा शेतकरी असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. हायलंडचा या काळातील इतिहास म्हणजे पहिल्या अर्थाचे कूळ दुसऱ्या अर्थाचे कूळ होण्याचा इतिहास होय. न्यायाधिकार गमावलेले प्रमुख जमीनदार झाले, त्यांचे भाऊबंद खंडकरी झाले आणि मेंढपाळीतून अधिक उत्पन्न मिळू लागताच त्यांना जमिनीवरून हटविण्यात येऊ लागले. सदरलँड जहागिरीतील स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात १८१४ व १८१९ मध्ये मोठ्या प्रमाणावर घरे रिकामी करण्यात आली. तेथील कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर घरे जाळल्याच्या आरोपावरून १८१६ मध्ये इनव्हरनेस येथे खटला चालला व तो निर्दोष सुटला. लंडनमध्ये टार्टनचे नमुने गोळा होत होते ती हीच वर्षे होत.

ग्लेनगॅरीचे प्रमुख अलास्डेर मॅकडोनेल हे या विरोधाभासाचे ठळक उदाहरण. त्यांनी १८१५ मध्ये ‘सोसायटी ऑफ ट्रू हायलंडर्स’ स्थापन केली. संपूर्ण पारंपरिक पोशाखातील त्यांचे रेबर्न यांनी रंगविलेले चित्र प्रसिद्ध आहे. परंतु त्यांच्याच जहागिरीतील कुळांना जमीन सोडावी लागली. ग्लेनगॅरीतून गेलेल्या अनेकांनी कॅनडात ग्लेनगॅरी याच नावाच्या प्रदेशात वस्ती केली आणि तेथे १८१८ मध्ये लंडनच्या संस्थेची शाखा स्थापन झाली.

समारोप

हायलंड सोसायटीचे कार्य केवळ दिखाऊ म्हणून नाकारता येत नाही. तिच्यामुळे अन्यायकारक कायदा गेला, बॅगपाइपवादन टिकले आणि अनाथ मुलांना आश्रय मिळाला. परंतु तिच्या दृष्टिक्षेपात पोशाख, वाद्य आणि काव्य जेवढे होते, तेवढा जमिनीवरील हक्क नव्हता. कारण त्या हक्काचा प्रश्न तिच्या अनेक सदस्यांच्या हितसंबंधांशीच निगडित होता. कुळाचे कापड प्रमाणित करताना कुळाची माणसे विखुरली जात होती. संस्कृतिसंवर्धन करणाऱ्या कोणत्याही मंडळाचा इतिहास लिहिताना त्याने काय जतन केले याबरोबरच कोणता प्रश्न विचारला नाही, हेही तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.